पाहून काढलेली रेघ



पांझरेकाठच्या गावात समुद्रातल्या जिवांवर व्याख्यान कशासाठी, असे विषय जाहीर झाल्यावर काहींनी मला विचारले. डोळ्यांना न दिसणारे जीव, त्यांची परदेशात काढलेली जुनी चित्रे, आणि ऐकणारे आपण खानदेशी, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी समुद्र सहलीपुरताच पाहिलेला. प्रश्न रास्त आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली, म्हणून हा विषय मला इथेच बोलावासा वाटला. सुरुवात मात्र आपल्या शेजारच्या अजिंठ्यापासून करतो.

१८७२ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला आले. लेण्यांतली भित्तिचित्रे जशीच्या तशी कापडावर उतरवून घ्यायची, हे त्यांच्याकडे आलेले काम. मधले खंड धरून ते १८८५ पर्यंत चालले. पुढे नामांकित झालेले पेस्तनजी बोमनजी याच विद्यार्थ्यांतले. लेण्यातला अंधूक उजेड, भिंतीवर पोपडे सुटलेले, कुठे चेहऱ्याचा अर्धा भाग गेलेला, कुठे हात शिल्लक आणि हातातले फूल नाहीसे. विद्यार्थ्याने समोर दिसेल तेवढेच काढायचे, की फूल तिथे होतेच हे ठाऊक आहे म्हणून तेही काढायचे?

१८७२ सालीच, २१ डिसेंबरला, इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज निघाले. समुद्राच्या तळाशी काय आहे, हे पाहण्यासाठी निघालेली ही पहिली मोठी शास्त्रीय मोहीम. १८७६ च्या मे महिन्यात परत येईपर्यंत जहाजाने ६८,८९० सागरी मैल कापले आणि ३६२ ठिकाणी थांबून पाण्याची खोली मोजली, तापमान घेतले, तळाचा गाळ वर ओढला. अहवालाचे ५० खंड झाले. वायव्हिल थॉमसन हे मोहिमेचे प्रमुख. त्यांच्याबरोबर जॉन मरे, मोझली वगैरे निसर्गशास्त्रज्ञ आणि एक नेमलेला चित्रकार, जॉं जाक विल्ड. तोफा उतरवून रिकाम्या केलेल्या जागेत प्रयोगशाळा मांडली होती, आणि हलत्या जहाजावर सूक्ष्मदर्शक स्थिर धरून चित्रे काढली जात होती.

अजिंठ्यातल्या मुलांना जहाजाची खबर नव्हती आणि जहाजावरच्यांना अजिंठ्याची नसावी. पण दोन्हीकडे हाताला पडलेला पेच एकच होता. समोर आहे ते कागदावर आणताना हात स्वतःचे काय घालतो, आणि ते घालण्याचा त्याला अधिकार किती? आज मी एवढ्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

चॅलेंजरने वर काढलेल्या गाळात काय होते, ते थोडक्यात सांगतो. दोन प्रकारचे जीव लक्षात ठेवा. पहिला फोरॅमिनिफेरा. एकाच पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचे कवच बांधतो. वाढला की जुन्या कप्प्याला नवा, मोठा कप्पा जोडतो. त्यामुळे कवच बहुधा चक्राकार वळत जाते. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरपेक्षा कमी. दुसरा रेडिओलॅरिया. हाही एकपेशीय, पण याचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच द्रव्याचा: जाळीदार गोल, गोलात आणखी गोल, बाहेर काटे. हे मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढे. दोघांतले कितीतरी वरच्या पाण्यात तरंगत जगतात, मेल्यावर कवचे तळाशी पडतात, आणि लाखो वर्षे पडत राहिली की तळाचा चिखलच त्यांचा होतो. मार्च १८७५ मध्ये मारियाना बेटांकडच्या समुद्रात चॅलेंजरची दोरी ८,१०० मीटरच्याही खाली गेली. एवढ्या खोलीवर चुन्याची कवचे पाण्यात विरघळून जातात. वर आला तो रेडिओलॅरियाच्या काचेरी सांगाड्यांचा चिखल.

आता एक वाद सांगतो, कारण चित्र कशासाठी काढायचे ते त्यातून कळते. ग्लोबिजेरिना नावाचा फोरॅमिनिफेरा अटलांटिकच्या तळाच्या चिखलात भरपूर सापडत होता. तो तळाशीच जगतो, अशी थॉमसन यांची समजूत होती. मरे जहाजावरून बारीक जाळी टाकून वरचे पाणी गाळत राहिले, आणि वरच्या पाण्यात त्यांना ग्लोबिजेरिना जिवंत सापडू लागला. पण त्याला लांब, केसापेक्षा बारीक काटे होते. तळाचा मात्र बोडका. मग हे दोन वेगळे जीव का? काळजीपूर्वक पाहिले तेव्हा तळाच्या कवचावर काटे जिथे रुजलेले असतात त्या जागा ओळखता आल्या. काटे इतके नाजूक की जाळीला लागले तरी मोडतात. जीव एकच होता. वर जिवंत आणि काटेरी, खाली मेलेला आणि बोडका. थॉमसन यांनी आपले मत बदलले आणि तसे छापून सांगितले. चित्र काढणाऱ्याने काट्याच्या तुटक्या बुंध्यांना धूळ समजून ते गाळले असते, किंवा सुंदर दिसावे म्हणून बोडक्या कवचाला काटे चिकटवले असते, तर या वादाचा पुरावाच नाहीसा झाला असता.

असे चित्र काढतात कसे? या भागावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण समोर चित्रकलेचे शिक्षक बसले आहेत.

गाळ चाळणीवर धुतात. उरलेली बारीक वाळू काळ्या तबकडीवर पसरून द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मग हातात येतो तो रंगाचाच ब्रश, तीन शून्यांचा किंवा त्याहून बारीक. टोक ओले करायचे, एका कवचाला लावायचे, उचलायचे आणि चौकटी आखलेल्या पट्टीवर ठेवायचे. एका नमुन्यातून शेकडो कवचे अशी एकेक उचलतात. आजही हे काम असेच चालते. यंत्रे आली आहेत, पण ब्रश गेलेला नाही.

पुढची अडचण उजेडाची आणि खोलीची. सूक्ष्मदर्शकाची शक्ती वाढवली की एका वेळी वस्तूचा फार पातळ थर स्पष्ट दिसतो. रेडिओलॅरियाची वरची जाळी स्पष्ट असेल तेव्हा आतली धूसर. आतली स्पष्ट केली की वरची धूसर. चित्रकार डाव्या हाताने बारीक स्क्रू फिरवत राहतो, थर एकामागून एक पाहतो, आणि सगळे थर मनात जुळवून कागदावर एकच आकृती मांडतो. म्हणजे जी आकृती तो काढतो ती त्याला एका क्षणी कधीच दिसलेली नसते. कॅमेऱ्याला हे बराच काळ जमले नाही. छायाचित्रण रुळले तरी सूक्ष्म जिवांच्या शास्त्रात हाताची चित्रे टिकली, त्याचे मुख्य कारण हे. १९६५ पासून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात मिळू लागले, तेव्हा फोरॅमिनिफेराच्या बाहेरच्या पृष्ठभागापुरते चित्र बदलले. पण कोपेपॉडसारख्या झिंग्याच्या दूरच्या नातलगाचे पाय सुटे करून त्यांवरचे केस मोजायचे असतील, तर अभ्यासक अजून रेघेनेच आकृती काढतात.

मदतीला कॅमेरा ल्युसिडा असतो. नावात कॅमेरा असला तरी त्यात छायाचित्र निघत नाही. लोलकाची किंवा आरशाची अशी जोडणी, की डोळ्याला कवच आणि कागदावरची पेन्सिल एकाच वेळी, एकमेकांवर दिसतात. वोलॅस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे पेटंट घेतले. त्यामुळे बाह्यरेषा आणि प्रमाण चुकत नाही. आतली रेघ कुठे दाट, कुठे तुटक, हे मात्र काढणाऱ्यालाच ठरवावे लागते. छाया ठिपक्यांनी द्यायची, उजेड डावीकडून वरून येतो असे धरायचे, आणि शेजारी मोजपट्टी काढायची, हे संकेत आहेत. उजेडाचा संकेत पाळला नाही तर खड्डा उंचवट्यासारखा दिसतो आणि जातीचे वर्णन उलटे होते.

आणि मग छपाई. त्या काळचे मोठे तक्ते शिळाछापाचे. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या शिळाप्रेसवर छापल्या गेल्या, रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती याच तंत्राने घरोघर पोहोचल्या. दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचे, आणि कागदावर उमटते ते उलटे, म्हणून दगडावर चित्र आरशातल्यासारखे काढावे लागते. आता फोरॅमिनिफेराचे कवच उजवीकडे वळते की डावीकडे, याला केवढा अर्थ आहे पाहा. थंड समुद्रातली एक जात डावीकडे वळते. तिच्याच रूपाची उजवीकडे वळणारी कवचे त्यामानाने उबदार पाण्यात सापडतात. डेव्हिड एरिक्सन यांनी १९५९ साली हे मांडले, आणि या दोन जातीच वेगळ्या आहेत असे आता मानतात. तळाच्या गाळातली डावी-उजवी कवचे मोजून हिमयुगात समुद्र किती गार झाला ते सांगतात. दगडावर काम करणाऱ्या कारागिराला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने वळण सांभाळले ते केवळ इमानाने.

चॅलेंजरचे फोरॅमिनिफेरा हेन्री बोमन ब्रेडी यांच्याकडे गेले. हे न्यूकॅसलचे औषधविक्रेते. धंदा आटोपून शास्त्राकडे वळलेले. त्यांचा अहवाल १८८४ साली निघाला, ११५ तक्त्यांसह. तक्ते काढले आणि दगडावर उतरवले ए. टी. हॉलिक यांनी. हॉलिक यांचे नाव तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. एकाच जातीची तीन-चार कवचे ते शेजारी शेजारी काढतात: एक पुढून, एक कडेने, एक जरा वेडेवाकडे वाढलेले, एखादे कापून आतले कप्पे दाखवलेले. जातीतला फरक झाकण्याचा प्रयत्न नाही. ब्रेडी यांनी दिलेली कितीतरी नावे पुढे बदलली. १९६० साली बार्कर यांनी आणि १९९४ साली जोन्स यांनी सगळ्या तक्त्यांची नावे नव्याने लावून पुस्तके काढली. नावे बदलली, चित्रे तीच राहिली. आज अभ्यासक कवच ओळखताना हॉलिक यांचा तक्ता उघडतो तेव्हा त्याला ब्रेडी यांच्या मताशी सहमत असावे लागत नाही. हॉलिक यांनी काय पाहिले तेवढे त्याला पुरते.

रेडिओलॅरिया गेले जर्मनीत, येना विद्यापीठातल्या एर्न्स्ट हेकेल यांच्याकडे. हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मेसिनाच्या समुद्रात १८५९-६० च्या हिवाळ्यात त्यांना या जिवांचे वेड लागले, आणि चॅलेंजरच्या नमुन्यांवर त्यांनी सुमारे दहा वर्षे घालवली. १८८७ साली अहवाल आला: १४० तक्ते, ४,३१८ जातींचे वर्णन, त्यांपैकी ३,५०८ नव्या. एका माणसाने एका कामात इतक्या जातींना नाव दिल्याची उदाहरणे फार थोडी. हे काम चालू असतानाच, १८८१ च्या नोव्हेंबरात, सिलोनला जाताना ते मुंबईत उतरले होते. आठवडाभर राहिले, आणि पुढे सिलोनच्या किनाऱ्यावर सूक्ष्मदर्शक मांडून बसले. या प्रवासाचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

हेकेल यांचे तक्ते सुंदर आहेत. माझ्या मते मुद्रणाच्या इतिहासात त्यांच्या तोडीचे फार थोडे आहे. येनाचे अडोल्फ गिल्च यांनी ते दगडावर उतरवले. १८९९ ते १९०४ या काळात हेकेल यांनी निसर्गातल्या कलारूपांचा शंभर तक्त्यांचा संग्रह काढला; युरोपातल्या सजावटकारांनी त्यातून नक्ष्या उचलल्या, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचे प्रवेशद्वार रने बिने यांनी हेकेल यांचे रेडिओलॅरिया समोर ठेवून रचले. कलेचा विजय म्हणून हे सांगतात, आणि तो आहेच.

पण शास्त्राच्या बाजूने पाहिले तर मन साशंक होते. हेकेल यांना निसर्गात समतोल दिसावा अशी तीव्र ओढ होती. त्यांच्या तक्त्यावरचा रेडिओलॅरिया बहुधा अखंड असतो, सहा काटे तर सहाही सारखे, जाळीचे भोक न् भोक नेमके. गाळातले कवच असे क्वचितच मिळते. एक काटा आखूड, एक मोडलेला, एका बाजूची भोके मोठी. हेकेल यांनी जातीचा आदर्श मनात धरला आणि तो काढला. पुढच्या अभ्यासकांना त्यांच्या पुष्कळ जाती एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत. एका जातीत नैसर्गिकपणे असणारा फरक त्यांनी अनेक जातींमध्ये वाटला होता. भ्रूणांच्या चित्रांत तर ते याहून पुढे गेले. १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे सुरुवातीचे भ्रूण सारखेच असतात हे दाखवताना एकच ठसा तीनदा छापला, असे उघडकीला आले, आणि हा डाग त्यांच्या नावावरून पुसला गेला नाही. मानववंशांची उतरंड लावणारे त्यांचे लेखनही वाईटच होते, आणि त्यामागेही निसर्गाला आधी ठरवलेल्या पायऱ्यांवर बसवण्याची तीच सवय होती, असे मला वाटते. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते त्याचा हात वस्तूकडे विचारायला जात नाही.

म्हणून हेकेल भिंतीवर लावण्यासाठी आणि हॉलिक कामासाठी, अशी वाटणी मी करणार नाही. हेकेल यांनी जे पाहिले ते त्यांच्याआधी कोणी इतक्या आवडीने पाहिले नव्हते, आणि त्यांच्या तक्त्यांमुळे या जिवांकडे कितीतरी माणसे वळली. पण कोणाच्या रेघेवर विसंबून एखादे अनुमान काढायचे असेल तर मी हॉलिक यांच्या रेघेवर विसंबेन.

अजिंठ्याकडे परत येतो. ग्रिफिथ्स यांच्या आधी रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून वीस वर्षे लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती केल्या.  त्यांची कबर भुसावळला आहे. १८७९ साली ते गेले. त्यांच्या बहुतेक प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत जळाल्या. मग ग्रिफिथ्स यांनी नव्या प्रती केल्या. त्यांपैकी कित्येक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या. इतके होऊनही उरलेल्या प्रती आणि ग्रिफिथ्स यांचे १८९६-९७ चे दोन खंड मोलाचे आहेत, कारण तेव्हा भिंतीवर होता असा काही भाग आज भिंतीवर नाही. आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे: चित्रे नीट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर वॉर्निश चढवले गेले, ते पुढे काळवंडले आणि चित्रांना अपाय झाला. प्रत करण्याच्या खटाटोपात मूळ वस्तू खराब झाली.

समुद्रातल्या जिवांचेही असेच होते. जाळीतून आलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिन आम्ल झाले की चुन्याची कवचे हळूहळू विरघळतात. रेडिओलॅरियाचे एक नातलग आहेत, अकँथारिया; त्यांचे काटे स्ट्राँशियम सल्फेटचे, मेल्यावर लवकरच पाण्यात विरतात, म्हणून तळाच्या गाळात त्यांचा मागमूस राहत नाही. जिवंत असताना काढलेले चित्र हाच काय तो दाखला. शैवालांच्या नामकरणाच्या नियमांत तर अशी तरतूद आहे की अतिसूक्ष्म जातीचा नमुना टिकवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड किंवा अशक्य असेल, तर चित्रालाच मूळ नमुना मानता येते. रेघेला एवढा मान दिल्यावर तिच्यावर जबाबदारी किती येते, याचा विचार करा.

धुळ्यात हे बोलताना मला समर्थ वाग्देवता मंदिराची आठवण होणारच. समर्थ रामदासांच्या हातचे वाल्मीकि रामायण तिथे जपून ठेवले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात त्यांनी लेखनक्रियेवर समास लिहिला. पोथी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखी वाटावी, एवढी त्यांची अपेक्षा. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी कागदपत्रे गोळा केली, त्यांच्या मागे १९२७ मध्ये या गावात संशोधन मंडळ उभे राहिले. नकलेत स्वतःचे घालू नये, शंका असेल तिथे शंका म्हणून नोंदवावी, फाटले आहे तिथे फाटले आहे असे लिहावे, ही शिस्त या गावाने जपली आहे. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्याला शिकायची असते ती हीच.

आता आपल्या मातीकडे येऊ. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाघूर वाहते, ती तापीला मिळते. पांझराही तापीलाच मिळते. तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात जाते. आपला काळा दगड, बेसॉल्ट, झिजतो तेव्हा त्यातले कॅल्शियम आणि सिलिका पाण्यात उतरतात. त्या कॅल्शियममधून फोरॅमिनिफेरा चुन्याचे घर बांधतात, त्या सिलिकातून रेडिओलॅरिया आणि डायटम नावाची एकपेशीय शैवाले आपले काचेरी सांगाडे. खानदेशच्या शेतातून गेलेले द्रव्य अरबी समुद्रातल्या कवचांत आहे, ही रसायनशास्त्राची साधी गोष्ट आहे. उकाई धरण १९७० च्या दशकात झाल्यापासून गाळाचा मोठा भाग वाटेत अडतो, पण विरघळलेले द्रव्य पुढे जातच राहते. २०१५ साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्याचा तळ खोदला. धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे त्या मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख. वर आलेल्या गाळात सिंधूने आणलेली माती मुख्य होती, पण दख्खनच्या पठाराकडची मातीही अभ्यासकांना ओळखता आली. आणि त्या मातीचे वय ठरवायला जहाजावर जी माणसे होती, ती कवचांची रूपे ओळखणारी होती.

उलट बाजूही पाहा. आपल्या पायाखालचा लाव्हा नेमका कधी वाहिला, हे सांगायलाही हेच जीव उपयोगी पडले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर नाहीसे झाले तेव्हा समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराच्या बहुतेक जाती एकदम संपल्या. आधीच्या थरात मोठी, कंगोऱ्यांची, नक्षीदार कवचे. नंतरच्या थरात बारीक, साधी. दख्खनचे काही प्रवाह दूर आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत, त्या काळच्या समुद्रापर्यंत पोहोचले, आणि तिथे दोन लाव्हांच्या मध्ये सागरी गाळ साचला. त्या गाळात ती नंतरची बारीक कवचे सापडली. गर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २००८ साली हे मांडले, आणि खालचा लाव्हा त्या महानाशाच्या काळाशी जोडला गेला. नाश लाव्हाने की आकाशातून आलेल्या अशनीने, हा वाद अजून चालू आहे. पण साक्ष द्यायला बसली आहेत ती वाळूच्या कणाएवढी कवचे, आणि ती ओळखायची तर कोणीतरी त्यांची रूपे आधी नीट काढून ठेवलेली असावी लागतात.

पावसाचेही तसेच. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे गार, पोषक पाणी वर आणतात, आणि तिथे ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची जात बेसुमार वाढते. वारा जोरात तर कवचे जास्त. समुद्रतळाच्या गाळातली ही कवचे थरामागून थर मोजून गेल्या हजारो वर्षांतला मोसमी वाऱ्यांचा जोर सांगतात. कोरडवाहू कापूस करणाऱ्या आपल्या मुलखाला यापेक्षा जवळचा विषय कोणता? या जातीला १८२६ साली फ्रान्सच्या दोर्बिन्यी यांनी नाव दिले. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातींतून तिला वेगळे काढणारा डोळा चित्रांवरच तयार होतो.

आपल्या देशात हे काम कोणी केले? ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सागरी सर्वेक्षणाचे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्यावरच्या अल्फ्रेड अल्कॉक यांनी खोल समुद्रातले मासे आणि खेकडे वर्णिले, आणि त्यांचे अप्रतिम तक्ते १८९२ पासून निघू लागले. ते काढणारे हात भारतीय होते: ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल. अल्कॉक यांचे नाव प्राणिशास्त्राच्या प्रत्येक इतिहासात आहे. या दोघांचे चित्राच्या कोपऱ्यात. हॉलिकसारखेच. हा अन्याय शास्त्राने अजून पुरता दूर केलेला नाही, आणि मला तो खुपतो. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची प्लवकांची भांडीच्या भांडी कोचीच्या केंद्रात आली आणि तरुण भारतीय अभ्यासकांनी ती जीव न् जीव निवडून वेगळी केली; त्याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती आज गोव्यात दोना पावलाला आहे.

महाराष्ट्रातले नाव घ्यायचे तर हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांचे घेईन. त्यांचा विषय गोड्या पाण्यातले डायटम, पण ही कवचे समुद्रातल्या डायटमांच्याच कुळातली. महाविद्यालयात शिकवता शिकवता त्यांनी कोल्हापूर, मुंबई, धारवाड, गुजरात असा मुलूख धुंडाळला. पन्हाळगडावरच्या डायटमांवरचा त्यांचा लेख १९५९ साली ‘हायड्रोबायोलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. गडावर आपण इतिहास पाहायला जातो. या माणसाने तिथल्या पाण्यातली कवचे पाहिली आणि एकेकीची आकृती हाताने काढली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले आजचे अभ्यासक त्यांच्या जाती नव्या उपकरणांनी पुन्हा तपासत आहेत, आणि तपासता येतात त्या आकृत्या काढून ठेवल्या म्हणूनच. १९८४ साली औरंगाबादहून सरोदे आणि कामत यांचे महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या डायटमांवरचे पुस्तक निघाले. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते असायला हवे.

शेवटी आपल्या जर्नलांबद्दल. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे जर्नल आपल्या मुलांनी भरलेले मी पाहतो. आकृत्या देखण्या असतात. अमिबा सगळ्यांचा सारखा, पॅरामेशियम सगळ्यांचा सारखा, कारण तो गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरलेला असतो आणि ते त्याच्या आधीच्या वर्षीच्या. काचपट्टीवर काय होते याचा त्यात पत्ता नसतो. हेकेल यांच्याकडे निदान स्वतःची ओढ होती. आपल्या मुलांना आपण ती चूक उसनी करायला लावतो आणि त्यासाठी गुण देतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला समोर ठेवलेला तांब्या आणि फळे पाहून काढणारी हीच मुले, प्रयोगशाळेत गेली की न पाहता काढू लागतात. चित्रकलेचे आणि जीवशास्त्राचे शिक्षक एका वर्गात एक तास बसले तर हे बदलेल, असा माझा विश्वास आहे.

समुद्राची वाट पाहायचे कारण नाही. हिवाळ्यात तापीचे किंवा पांझरेचे पाणी निवळले की पाण्यातल्या दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर येतो. तो बहुतांशी डायटमांचा असतो. जुन्या टूथब्रशने खरवडून बाटलीत घ्या. एक थेंब काचपट्टीवर ठेवा आणि महाविद्यालयात असतो त्याच सूक्ष्मदर्शकाच्या चारशेपट शक्तीखाली पाहा. होडीसारखी, काडीसारखी, कोयरीसारखी कवचे दिसतील. काही सरकत असतील. एका रूपाची एक नव्हे, दहा शोधा, मोडकी आणि वाकडीही. कवचावरच्या रेषा मोजता आल्या तर मोजा. मोजता आल्या नाहीत तर नुसत्या शोभेसाठी काढू नका, जागा कोरी सोडा. सरोदे-कामतांच्या आकृतीशी ताडून पाहा. जुळली नाही तर नाव देण्याची घाई करू नका आणि जुळावी म्हणून आकृती खोडू नका. खाली नदी, गाव, तारीख आणि मोजपट्टी लिहा. काढणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा, कोपऱ्यात नको.